डॉक्टरांसमोर मात्र ओठ मिटू नका

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

माझं वय ५४. लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले ती आता इथलीच झाले. १९ वर्षांपूर्वी मला बायपोलर आजार, म्हणजे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार, असल्याचं निदान झालं, तेव्हापासून लिथियम आणि रिस्पेरिडोन चालू आहे. मधली बरीच वर्षं चांगली गेली. घर, मुलीचं लग्न, सासूबाईंचं आजारपण, भजनी मंडळ, सगळं निभावलं. गेल्या वर्षी वजन आणि साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅमवरून ३ केली, दिवाळीनंतर २ केली. दोनवर येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच तोंड आपोआप हलायला लागलं. जीभ आतल्या आत फिरते, ओठ चोखल्यासारखे होतात. झोपेत थांबतं, असं हे सांगतात. पेटी वाजवायला बसले की वाढतं, गायला लागले की जवळजवळ बंद होतं. हे काय गौडबंगाल आहे? शिवाय चहाचा कप धरताना हात थरथरतो आणि संध्याकाळी पाय एका जागी ठरत नाहीत, गच्चीवर फेऱ्या मारत राहते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीनं सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, काय चघळताय एवढं, आम्हालाही द्या की!" त्यानंतर मी कुठे गेलेली नाही. घाबरून मी आपली आपणच पुन्हा चारची गोळी सुरू केली. दहा दिवसांत तोंड शांत! मग अपराधी वाटलं, दोनवर आले, पुन्हा सुरू. जावेच्या भावानं सांगितलं म्हणून मेडिकलमधून पॅसिटेन आणून घेतली, तर तोंड कोरडं पडलं आणि हलणं उलट वाढलं. डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जाते. तिथे ओठ घट्ट मिटून बसते, पाच मिनिटं जमतं. न जाणो, त्यांना वाटेल हिचा आजार उलटला. सध्या लिथियम, रिस्पेरिडोन २, साखरेची गोळी आणि सकाळी उपाशीपोटी गॅसची एक, एवढंच घेते. गॅसची आमच्या घरच्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी दिली होती.

हे माझ्या आजाराचंच नवं रूप आहे का? सगळ्या गोळ्या एकदम सोडून पाहू का?

ओठ मिटून बसलेली, लष्कर, ग्वाल्हेर

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर आजच पोचायला हवं. एकदम काहीही सोडू नका. लिथियम अचानक बंद केलं तर आजार फिरून यायला फार दिवस लागत नाहीत, आणि बसलेली घडी विसकटली की पुन्हा बसवायला किती महिने जातात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. रिस्पेरिडोन अचानक बंद केली तर तोंडाचं हलणं थांबायचं सोडून उसळी मारेल. का, ते पुढे सांगतो. आता दोनची चालू आहे ना, तीच ठरलेल्या वेळी घेत राहा. चार नको, एक नको, शून्य तर नकोच. आणि पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट पाहू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

आता पहिला प्रश्न. मी तुम्हाला तपासलेलं नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून हा आजाराचा नवा अवतार वाटत नाही. औषधाचा परिणाम वाटतो, आणि त्याला नाव आहे, टार्डिव्ह डिस्कायनेशिया. टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारी, डिस्कायनेशिया म्हणजे आपोआप होणारी हालचाल. रिस्पेरिडोनच्या घराण्यातलं पहिलं औषध, क्लोरप्रोमॅझिन, १९५२ साली फ्रान्समध्ये मनोरुग्णांना द्यायला लागले. पाचच वर्षांत, १९५७ मध्ये, तोंडाच्या या चाळ्यांची नोंद झाली आणि १९६४ मध्ये त्यांना हे नाव मिळालं. म्हणजे तुमच्या-माझ्या जन्माच्या आसपासची ही ओळखीची गोष्ट आहे. तुमच्या डॉक्टरांना ती नवी नाही. त्यांना फक्त ती दिसलेली नाही, कारण तुम्ही ती दिसू देत नाही.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त बोचलेलं वाक्य ते: "ओठ घट्ट मिटून बसते, पाच मिनिटं जमतं." जमतंच. ही हालचाल मनाच्या जोरावर थोडा वेळ दाबता येते, हा तिचा स्वभावच आहे. आणि आपल्याकडच्या ओपीडीत एका माणसाच्या वाट्याला तेवढीच पाच मिनिटं येतात. म्हणजे महिन्यातली जी पाच मिनिटं तोंड हलायला हवं, नेमकी तीच तुम्ही शांत करून दाखवता.

माझीच एक गोष्ट सांगतो. माझ्याकडे गणिताचे एक मास्तर यायचे. हात कायम मांडीवर, टेबलाच्या आड. झोप? चांगली. भूक? चांगली. मी पर्च्यावर लिहायचो, हेच चालू ठेवा. एकदा ओपीडी संपवून बाहेर टपरीवर चहा घेत होतो आणि मास्तर समोरच्या बाकावर टेम्पोची वाट बघत बसले होते. त्यांना मी दिसलो नव्हतो. बोटं गुडघ्यावर अशी चालली होती, जणू कुणी अदृश्य तबला पुढ्यात ठेवलाय, आणि गाल आतून जीभ फिरल्यासारखा फुगत होता. दोन वर्षं मी या माणसाला तपासत होतो आणि एकदाही "हात वर ठेवा पाहू" म्हटलं नव्हतं. चूक माझी होती, त्यांची नव्हे. पण त्यांनी लपवलं नसतं तर मला ती इतके दिवस करता आली नसती.

आता ते गौडबंगाल. आपल्याकडे उन्हाळ्यात तिघरा धरणाचं पाणी एक दिवसाआड येतं तेव्हा लोक काय करतात? नळाला टुल्लू, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, लावतात. पाणी कमी, म्हणून ओढ जास्त. रिस्पेरिडोनसारखी औषधं मेंदूत डोपामिन नावाच्या द्रव्याची वाट अडवतात, म्हणजे नळ अर्धा बंद करतात. आजार आटोक्यात राहतो तो त्यामुळेच. पण वर्षानुवर्षं पाणी कमी मिळालं की मेंदूही आपल्या बाजूनं टुल्लू बसवतो, थोड्या डोपामिनलाही जोरानं प्रतिसाद द्यायला शिकतो. मग कधीतरी डॉक्टर औषध कमी करतात, नळ सुटतो, पण टुल्लू चालूच असतो. हंडे भरून वाहायला लागतात. तुमची जीभ आणि ओठ हे ते वाहणारं पाणी. सगळं शास्त्र या उपमेत बसत नाही, पण तुमच्या दोन कोड्यांपुरती ती चालेल.

पहिलं कोडं, चारची गोळी घेतल्यावर तोंड शांत का झालं? नळ पुन्हा आवळला म्हणून. टुल्लू तिथेच आहे. या औषधांचा हा सगळ्यात मोठा चकवा आहे: ज्यानं हालचाल आणली तेच वाढवलं की हालचाल झाकली जाते, रोगी खूश, घरचे खूश, आणि झाकणाखाली टुल्लू आणखी मोठा होत जातो. म्हणून "मग चारच बरी" हा निष्कर्ष काढू नका. कधी कधी डॉक्टरही थोडं मागे जाऊन पुढची कपात सावकाश करतात, ते वेगळं. तो त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतलेला निर्णय असतो.

यात एक आशेची बाजू आहे. औषध कमी केल्यानंतर उसळणारी हालचाल पुष्कळांमध्ये चार ते आठ आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यापुढेही टिकली तर तिला खरी टार्डिव्ह म्हणायचं. तुमचा घोळ असा झालाय की मधेच चार, मग पुन्हा दोन केल्यामुळे हे आठवडे मोजायचे कुठून, तेच कळेनासं झालंय. ज्या दिवशी दुसऱ्यांदा दोनवर आलात ती तारीख आठवून कॅलेंडरवर गोल करा. तिथून मोजू. आणि हे सगळं, चार घेतल्याचंही, डॉक्टरांना सांगा. रागावले तर रागावू देत, पाच मिनिटांचा राग असतो तो.

दुसरं कोडं मला फार आवडलं. पेटी वाजवताना वाढतं, गाताना थांबतं. ताई, नकळत तुम्ही तपासणीच करून पाठवलीत! तोंड स्वतःहून कामाला लावलं, गाणं असो की बोलणं, की तोंडातली हालचाल दबते. लक्ष दुसऱ्या अवयवाकडे गेलं की ती मोकळी सुटते. ही हालचाल मोजायची १९७६ पासून वापरातली एक पद्धत आहे, तिला एम्स म्हणतात (दिल्लीचं एम्स नव्हे, नाव जुळलं एवढंच). तीत रोग्याला अंगठ्यानं एकेका बोटाला भराभर टिचकवायला सांगतात, दहा-पंधरा सेकंद, आणि डॉक्टर बघत असतात ते बोटांकडे नव्हे, चेहऱ्याकडे आणि पायांकडे. तुमची पेटी तेच काम करते. याच तपासणीत बिनहाताच्या कडक खुर्चीवर बसवतात, चपला-मोजे काढायला लावतात, तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतात, चालवून बघतात, प्रत्येक जागेच्या हालचालीला शून्य ते चार गुण देतात. आणि सुरुवातीलाच एक प्रश्न असतो: तोंडात काही चघळताय का? हळदीकुंकवातल्या बाईंनी तो शिष्टाचार सोडून विचारला, बाकी प्रश्न अभ्यासक्रमातलाच आहे.

तुम्ही हात, पाय, तोंड सगळं एका दमात लिहून टाकलंत. या तीन वेगवेगळ्या हालचाली आहेत आणि तीन वेगळ्या वाटांनी येतात, म्हणून डॉक्टरांना त्या सुट्या करून सांगा. नुसतं "अंग हलतं" म्हटलंत तर एकाच गोळीनं तिन्ही झाकायचा मोह कुणालाही होईल.

कप धरताना थरथरणारा हात हा बहुधा लिथियमचा. ती बारीक, जलद थरथर असते, चहा-कॉफीनं वाढते आणि सहसा निरुपद्रवी असते. पण ती अचानक जाड झाली, हात फडफडायला लागला, सोबत उलट्या, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं यांतलं काही आलं, तर लिथियम अंगात साचतंय. ते तातडीचं. तेव्हा पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा आणि सरळ दवाखाना गाठायचा. ग्वाल्हेरचा उन्हाळा तोंडावर आलाय म्हणून जरा ठासून सांगतो: घाम खूप गेला, पाणी आणि मीठ कमी पडलं की रक्तातलं लिथियम चढतं. निर्जळी उपास तुम्हाला बंद, एकादशी असो की हरतालिका. देव समजून घेईल, मूत्रपिंडं नाही घेणार. कुणी "बीपी वाढेल, मीठ सोडा" म्हणालं म्हणून आपल्या मनानं अळणी सुरू करू नका. आणि गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मेडिकलमधून आणायची नाही, त्यांनीही लिथियम चढतं. रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडांसाठीचं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं? पत्रात त्याचा उल्लेख नाही. पातळीसाठी रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची घ्यायच्या आधी. थायरॉइड वाढलं तरी हात थरथरतो, म्हणून तेही बघायचं.

पायांचं वेगळं. संध्याकाळी गच्चीवरच्या फेऱ्या, बसलं की उठावंसं वाटणं, आतून कुणीतरी ढकलतंय असं वाटणं याला अकॅथिसिया म्हणतात. इथे हालचाल आपोआप होत नाही, आतली तगमग सोसवत नाही म्हणून माणूस हलतो. औषध वाढवल्यावर येते तशी कमी केल्यावरही येऊ शकते. दुरून ती घबराटीसारखी किंवा चढत्या उन्मादासारखी दिसते. मग कुणीतरी तेच औषध वाढवतं आणि तगमग दुप्पट होते. म्हणून डॉक्टरांना याच शब्दांत सांगा: मन ठीक आहे, विचार पळत नाहीत, झोप अमुक तास आहे, पण पाय ठरत नाहीत. यावर प्रोप्रॅनोलॉलसारखी साधी औषधं उपयोगी पडतात, लिथियमच्या थरथरीवरही चालतात. मात्र दमा असेल तर ती चालत नाहीत आणि तुमची साखर आहे, तेव्हा दोन्ही सांगून मगच. ही तगमग कधी इतकी वाढते की जीव नकोसा होतो. तसा विचार एकदाही मनात आला तर तो आजाराला किंवा स्वभावाला न चिकटवता त्याच क्षणी यांना, म्हणजे तुमच्या यजमानांना, उठवा, दवाखाना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालू असतो, हिंदीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पॅसिटेनबद्दल तुमच्या जावेच्या भावाला दोष देत नाही. त्यांनी कुणाचा तरी कंप तिनं थांबलेला पाहिला असेल, आणि खरंच थांबतो. मान अचानक वाकडी होणं, डोळे वर चढून अडकणं, पार्किन्सनसारखा ताठपणा आणि कंप, यांवर ती गोळी चांगली. पण टार्डिव्हवर ती चालत नाही, बऱ्याचदा हालचाल वाढवते. वरून तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, विसरभोळेपणा. तुम्ही किती दिवस घेतलीत ते लिहिलं नाहीत. चार-दोनच घेतल्या असतील तर प्रश्न नाही, महिनाभर रोज घेत असाल तर तीही झटक्यात न सोडता विचारून कमी करा.

आणि आता ती उपाशीपोटीची गॅसची गोळी. पत्राच्या शेवटी तुम्ही तिला "एवढंच" मध्ये गुंडाळलंत, पण मला सगळ्यात जास्त संशय तिचा आहे. स्ट्रिप उलटी करा, चष्मा लावा आणि बारीक अक्षरं वाचा. पँटोप्राझोल, राबेप्राझोल किंवा एसोमेप्राझोल असं काही असेल, ते आम्लाचं, ते इथे आपल्या कामाचं नाही. त्यापुढे "आणि" करून दुसरं नाव आहे का? डोम्पेरिडोन असेल तर फारशी काळजी नाही, ते मेंदूत फारसं पोचत नाही. पण लेव्होसल्पिराइड असेल, तर ताई, ते रिस्पेरिडोनच्याच भाऊबंदांतलं औषध आहे. तेही तोच डोपामिनचा नळ आवळतं. आपल्या देशात पोटफुगी, ढेकर, जळजळ यांसाठी ते आम्लाच्या गोळीत मिसळून सर्रास लिहिलं जातं, लोक वर्षानुवर्षं घेतात, आणि त्यानं तोंड हलायला लागलेले, हातपाय ताठरलेले कितीतरी लोक मी पाहिलेत, ज्यांना मनाचा कुठलाच आजार नव्हता. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड त्याच जातीचं. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००९ मध्ये त्यावर याच हालचालींसाठी सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आणि १२ आठवड्यांपेक्षा जास्त सहसा देऊ नका असं सांगितलं. चक्करेवरचं प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन, चक्करेचंच सिनारिझिन, ही मंडळीही कमीअधिक त्याच गावची.

म्हणजे शक्यता अशी, की मनोविकारतज्ज्ञ एका हातानं नळ सैल करत होते आणि घरचे डॉक्टर दुसऱ्या हातानं आवळत होते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. कुणी मुद्दाम केलं नाही. आपल्याकडे पोटाचा पर्चा एका पिशवीत आणि डोक्याचा दुसऱ्या पिशवीत असतो, आणि डोक्याची पिशवी तर घरच्या डॉक्टरांपासूनही लपवलेली असते. तुम्हीही लपवली असणार. नाव काहीही निघो, ती गोळीही आपल्या मनानं बंद करू नका, दीड वर्षाची आहे. दोघा डॉक्टरांना स्ट्रिप दाखवा. नुसत्या जळजळीसाठी लेव्होसल्पिराइडशिवायची गोळी सहज मिळते.

डॉक्टर पुढे काय करतील? बहुधा कपात आणखी सावकाश करतील. किंवा रिस्पेरिडोनच्या जागी क्वेटायपिनसारखं, ज्यात हा धोका कमी आहे, असं औषध हळूहळू आणतील. पण वजन आणि साखर त्यानंही वाढते, तेव्हा तुमच्या बाबतीत तो हिशेब सोपा नाही. फारच अडलं तर क्लोझापिन, त्यात हालचालींचा धोका सगळ्यात कमी, मात्र रक्ताच्या पेशी नियमित तपासाव्या लागतात. हालचालीवरच थेट चालणारं टेट्राबेनाझिन आपल्याकडे मिळतं. ते गुण देतं, पण उदासी आणू शकतं, आणि ज्यांचा आजारच मनःस्थितीच्या चढउताराचा आहे त्यांना ते फार जपून द्यावं लागतं. त्याची दोन सुधारलेली भावंडं, व्हालबेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन, २०१७ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झाली. व्हिटॅमिन ई घेतलं तर घ्या, त्यानं हालचाल जाईल अशी आशा नको. आणि सगळं करूनही काहींची हालचाल थोडी उरते, हे लपवत नाही. वय पन्नाशीपुढचं, बाई, मनःस्थितीचा आजार, साखर, इतकी वर्षं औषध, हे सगळे घटक तुमच्या विरुद्ध आहेत. तुमच्या बाजूनं एकच गोष्ट आहे, पण मोठी: सुरू होऊन फार दिवस झाले नाहीत. लवकर पकडलं की ओसरायची शक्यता जास्त.

तुमच्या डॉक्टरांनी न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला सांगितलं तर घाबरू नका. जयारोग्य रुग्णालयात दोन्ही विभाग आहेत. आणि जुने कागद हरवले असतील तर आधीच्या दवाखान्याकडून मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, रोग्याला स्वतःच्या नोंदी मिळवण्याचा हक्क देतो. १९ वर्षांत रिस्पेरिडोनच्या आधी कुठलं दुसरं औषध, एखादं इंजेक्शन दिलं होतं का, हे त्यातूनच कळेल.

घरी काय करायचं? दातांपासून सुरू करा. कवळी असेल आणि ती सैल असेल तर नुसत्या तिच्यामुळेही तोंड चाळवतं. जीभ दातांवर घासून फोड आलेत का बघा. जेवताना बोलू नका, घोट लहान घ्या, ठसका वारंवार लागत असेल तर ते डॉक्टरांच्या यादीत वर लिहा. गजक या वर्षी नको, जबडा दमलेला आहे. बिनसाखरेचं च्युइंगगम बाहेर जाताना तोंडात ठेवलं तर पुष्कळांना बरं वाटतं, जिभेला काम मिळतं आणि बघणाऱ्याला उत्तर मिळतं. ताण आणि जागरण दोन्हींनी हालचाल वाढते, तेव्हा झोपेची वेळ पाळा. ती तर बायपोलरसाठीही पाळायचीच आहे, एका दगडात दोन पक्षी. रोज किती हललं याची नोंद आरशासमोर बसून ठेवू नका. आरसा हा या आजारात वाईट सोबती. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, यांनी बघून एक ओळ लिहायची, बस.

गाणं सोडू नका. भजनी मंडळात पेटी दुसरीकडे द्या आणि तुम्ही गा. गाताना हलत नाही हे तुम्हीच शोधून काढलंय, मग हळदीकुंकवाच्या एका वाक्यासाठी घरात का बसायचं? त्या बाईंना काय सांगायचं ते तुमच्यावर. "औषधानं होतं, उपचार चालू आहेत," एवढं पुरे. कुठलं औषध, कशासाठी, हे सांगायला तुम्ही बांधील नाही, साखरेची गोळीही औषधच असते. आपल्या गावात कुणी जरा वेगळं वागलं की लोक चटकन "आग्र्याला पाठवा" म्हणतात, गावातच १९३५ पासून मानसिक आरोग्यशाळा असताना! त्या भीतीनंच तुम्ही ओठ मिटता, हे मला कळतं. पण तुमच्या डॉक्टरांच्या खोलीत ती भीती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवा.

एक तातडीचं राहिलं. ताप, अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम आणि बोलण्यात घोटाळा, हे एकत्र दिसलं, किंवा मान, जबडा, घसा आवळून श्वास अडायला लागला, तर रात्र असली तरी थेट अपघात विभाग. तिथे पहिलं वाक्य हेच, की ही बाई रिस्पेरिडोन आणि लिथियमवर आहे. दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत, पण यांना माहीत असाव्यात. शिवाय कधी फुरसत मिळाली तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या सरकारी यंत्रणेला १८००-१८०-३०२४ वर कळवा. रोगीही कळवू शकतो.

आता डॉक्टरांकडे जाण्याची तयारी. लिथियमची, रिस्पेरिडोनची, साखरेची, गॅसची, पॅसिटेनची, सगळ्या स्ट्रिपा एकाच पिशवीत. तारखांचा कागद. आणि मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ, यांनी काढायचा. दिवसा, खिडकीजवळ, उजेड तोंडावर येईल असा. तोंडात लवंग, वेलदोडा, काही नको. पहिलं मिनिट नुसतं बसायचं, दुसरं मिनिट पेटीवर एखादी सरगम, तिसऱ्यात दोन ओळी गायच्या. खुर्ची पाठीची चालेल, हातांची नको, पाय दिसले पाहिजेत. आणि यांना आधीच सांगून ठेवा, मधे तोंड हललं की "आता थांबव गं" म्हणायचं नाही.